पांढरा कुठं थांबणार?

पूल खेळताना बॉल बऱ्यापैकी पॉट होतायत (पॉकेटमध्ये जातायत), कधीकधी लांबचा पण जातो, आणि तरी प्रत्येक फ्रेम, म्हणजे डाव, हरतोय, अशी अवस्था कुणाची असेल तर त्याच्यासाठी लिहितोय. मी त्यात जवळपास एक वर्ष काढलं. एक्स्पर्ट वगैरे अजिबात नाही, वय ४३, भोसरीत एका छोट्या मशिनिंग युनिटमध्ये क्वालिटीला आहे, आणि आयुष्यात खेळ म्हणून त्याआधी फक्त कॅरम.

जून २०२४ मध्ये ऑफिसातल्या पोरांबरोबर कर्वेनगरच्या एका पूल पार्लरला जायला लागलो. टायरच्या दुकानाच्या वर पहिला मजला, ताशी २०० रुपये, आणि सगळीकडे असतो तोच नियम, हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे. जूनच्या एका महिन्यात मी २,६०० रुपये दिले. त्यातले बहुतेक आमच्या एका तेवीस वर्षांच्या ट्रेनीने जिंकलेल्या फ्रेमचे. हा पोरगा कधी अवघड शॉट मारायचाच नाही हो. मी टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला बारीक कट (बॉलच्या नुसत्या कडेला लागणारा शॉट) मारून वाहवा मिळवायचो आणि पुढच्या शॉटला व्हाईट (क्यूने, म्हणजे काठीने मारायचा तो पांढरा बॉल) टेबलाच्या कडेच्या कुशनला चिकटलेला असायचा, आणि याच्यासमोर मात्र कायम दीड-दोन फुटांवरचा सोपा बॉल. मला वाटायचं नशीब. क्वालिटीवाल्या माणसाला रिजेक्शन मोजायची सवय असते म्हणून महिनाअखेरीला हिशोब केला, तर हरलेल्या २१ फ्रेमपैकी सहा अशा निघाल्या की शेवटचा काळा पॉट झाला आणि मागोमाग व्हाईट पण पॉकेटमध्ये. म्हणजे जिंकत आलेली फ्रेम तिथेच खलास. एकवीसमध्ये सहाला नशीब म्हणत नाहीत, प्रोसेसमध्ये लोचा आहे म्हणतात.

जुलैमध्ये यूट्यूब. तिथे पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी कळल्या. एक, व्हाईट कापडावर नुसता घसरत येऊन, म्हणजे पुढचा-मागचा कुठलाच स्पिन नसताना बॉलला लागला तर तो बॉल ज्या रेषेने पॉकेटकडे जातो तिच्याशी काटकोनात व्हाईट निघतो. सरळ शॉट असेल तर जागेवर थांबतो. दोन, व्हाईट गडगडत येऊन लागला आणि धडक फार जाडही नाही फार बारीकही नाही अशी असली (समोरचा बॉल साधारण पाव ते पाऊण झाकला जाईल अशी) तर तो आपल्या मूळ दिशेपासून जवळपास ३० अंशात वळतो. हे बोटांनी दाखवता येतं. तर्जनी आणि मधलं बोट ताणून व्ही करायचा, एक बोट व्हाईट ज्या दिशेने मारणार त्या दिशेला धरायचं, दुसरं बोट दाखवेल तिकडे धडकेनंतर व्हाईट जाणार. अमेरिकेतल्या कोलोरॅडोचे मेकॅनिकल इंजिनियरिंगचे प्रोफेसर डेव्हिड अल्सियाटोर यांनी हे स्लो मोशनमध्ये इतकं फोड करून दाखवलंय की मी जेवताना ताटाशेजारी व्ही धरून बसायला लागलो. बायको म्हणाली, फोटो काढून हवाय का?

गंमत अशी की थिअरी पाठ झाली आणि टेबलावर निम्म्या वेळा बरोबर, निम्म्या वेळा पार चुकीची. कारण नंतर कळलं. मला काटकोन पण माहीत, तीस अंश पण माहीत, पण माझा व्हाईट त्या बॉलपाशी पोचताना घसरत होता की गडगडत होता तेच मला माहीत नव्हतं. मधोमध मारलेला व्हाईट सुरुवातीला घसरतो आणि कापडाच्या घर्षणाने हळूहळू गडगडायला लागतो. फूटभर अंतर असेल तर घसरतच पोचेल, चार फूट असेल आणि हळू मारला असेल तर केव्हाच गडगडायला लागलेला असतो. म्हणजे एकाच जागी क्यू लावून दोन वेगळी उत्तरं येतात. हे एक वाक्य मला जुलैत कुणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते, म्हणून इथे सांगतोय.

आमच्या औद्योगिक पट्ट्याला गुरुवारची सुट्टी असते. गुरुवारी सकाळी अकराला पार्लर रिकामं आणि रेट १२० रुपये, तेव्हा एकटा जायला लागलो. ऑगस्टमध्ये एक विचित्र प्रकार झाला, सरळ शॉट अगदी व्यवस्थित स्टन (म्हणजे स्पिनशिवाय, नुसता घसरत) मारला तरी व्हाईट जागेवर थांबायच्या ऐवजी बोटभर मागे यायचा. मी स्वतःला दोष देत दोन गुरुवार घालवले. मग कंपनीतला डिजिटल व्हर्नियर (बारीक मापं मोजायचं साधन) घेऊन गेलो. रंगीत बॉल ५७.१ मिमी (नियमात ५७.१५ आहे), आणि व्हाईट ५६.५! काउंटरवरच्या मुलाला विचारून व्हाईट आणि एक लाल बॉल खालच्या किराणा दुकानात नेला. वाण्याने निर्विकारपणे वजन केलं, व्हाईट १५९ ग्रॅम, लाल १६८. हलका बॉल जड बॉलवर आपटला की थोडा मागे फिरणारच, शाळेतलं फिजिक्स. पार्लरचा व्हाईट सगळ्यात जास्त मार खातो म्हणून झिजतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो हरवून दुसऱ्याच सेटमधला आलेला असतो. तेव्हा नवीन टेबलावर गेलात की आधी एक-दोन सरळ स्टन मारून बघा. मागे आला तर व्हाईट हलका, पुढे सरकला तर बहुतेक जड. व्हर्नियर न्यायची गरज नाही, लोक बघतात.

चांगलं टेबल हवं म्हणून एका जुन्या जिमखान्याच्या मेंबरशिपच्या मागे लागलो (नाव नको). ही एक वेगळीच कहाणी. फॉर्म १०० रुपये, मिळणार फक्त सोमवार ते शुक्रवार अकरा ते एक. तीन फोटो, पत्त्याचा पुरावा, आणि किमान पाच वर्षं मेंबर असलेल्या दोघांच्या सह्या. लाइट बिल वडिलांच्या नावावर म्हणून स्वयंघोषणापत्र. ते कोऱ्या कागदावर चालेल असं एकाने सांगितलं, दुसऱ्याने नाही म्हणून परत पाठवलं, शेवटी चाललं कोऱ्यावरच. २१ ऑगस्टला फॉर्म जमा. कमिटी बसते महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. सप्टेंबरचा दुसरा शनिवार गणपतीत आला, मीटिंग रद्द. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार म्हणजे १२ तारीख, नेमका दसरा. परत रद्द. ९ नोव्हेंबरला एकदाचं बोलावलं, चार मिनिटं इंटरव्ह्यू, त्यातली तीन मिनिटं माझं मूळ गाव कोणतं यावर. प्रवेश फी ७,००० आणि जीएसटी धरून ८,२६०, वर महिन्याला ५९०. कार्ड हातात आलं १८ नोव्हेंबरला. कुणी करणार असाल तर सह्या देणाऱ्यांना फोनवर नुसतं "हो" म्हणायला लावू नका, त्यांचा मेंबर नंबर आणि सही एकाच दिवशी घ्या. माझा एक आठवडा फक्त एका काकांचा नंबर मिळवण्यात गेला.

जिमखान्यात एक नऊ फुटी पूल टेबल, शेजारी बारा फुटी जुनं बिलियर्ड्स टेबल, आणि त्या दोन्हीचे मालक असल्यासारखे वावरणारे मार्कर (टेबल सांभाळणारे, पॉइंट मोजणारे) काका. साठी ओलांडलेले, चौदाव्या वर्षी मार्कर म्हणून लागलेले. पहिल्या दिवशी मी नवीन मेंबराच्या उत्साहात दोन लांबचे पॉट घातले आणि त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "बॉल गेला ते दिसलं सर. पांढरा कुठं थांबणार होता?"

मी म्हटलं, "तिकडे, मधे कुठेतरी."

"कुठंतरी नाय. मारायच्या आधी बोलायचं, बोट ठेवून. मग मारायचं."

माझ्या सहा काळ्या बॉलांची रडकथा त्यांना सांगितली तर खळखळून हसले. म्हणाले, "तुम्ही ज्याला रडताय त्याचे आम्ही तीन पॉइंट घ्यायचो!" मला हे माहीतच नव्हतं. बिलियर्ड्समध्ये तीनच बॉल, आणि आपला बॉल लाल बॉलला लागून पॉकेटमध्ये गेला की तो फाऊल नसतो, त्याला इनऑफ म्हणतात, लालवरून तीन पॉइंट, दुसऱ्या पांढऱ्यावरून दोन. म्हणजे ही माणसं आयुष्यभर आपलाच बॉल धडकेनंतर कुठे जातो हे बघून मुद्दाम पॉकेटमध्ये घालत आलेली! त्यांचा सगळा धंदा हाफ बॉलवर. व्हाईटचं केंद्र समोरच्या बॉलच्या कडेवर रोखायचं, बस. काकांनी मोठ्या टेबलावर लाल ठेवून मला दहापैकी नऊ इनऑफ करून दाखवले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात ते तीस अंश पहिल्यांदा नीट बसले. हाफ बॉलच्या आसपास थोडं जाड लागो थोडं बारीक लागो, गडगडणाऱ्या व्हाईटचा वळण्याचा कोन फारसा बदलत नाही, म्हणून तर ते लोक त्याच्या जिवावर शंभर-शंभरचे ब्रेक (एकाच पाळीतले सलग पॉइंट) करायचे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्याला अमॅच्युअर बिलियर्ड्सचे वर्ल्ड चॅम्पियन झाले ते याच खेळात. काकांना विचारा, तारीख-वारासकट सांगतील.

मग सुरू झाली वही. चार रकाने: शॉट, बोललेली जागा, थांबलेली जागा, फरक. फरक मोजायला टेप काढला तर काका म्हणाले हात नाहीत का, म्हणून वीत. माझी वीत साडेआठ इंच. नऊ फुटी टेबलावर कडेच्या दोन डायमंडमधलं (कडेवर असलेल्या खुणांमधलं) अंतर साडेबारा इंच असतं, म्हणजे जवळपास दीड वीत, मनातल्या मनात हिशोब होतो. ए-फोर कागद अर्धा करून बोललेल्या जागी ठेवायचा, व्हाईट त्याच्यावर थांबला तर बरोबरची खूण, लागोपाठ पाच झाले की कागद अजून एक घडी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला सरासरी फरक: साडेतीन विती. म्हणजे जवळजवळ अडीच फूट! पाच महिने खेळून मी अडीच फुटांच्या अंदाजाने खेळत होतो. वही उघडून घरी दाखवली तर बायको म्हणाली, "तू खेळायला जातोस की ऑडिटला?"

डिसेंबर अख्खा स्टॉप शॉट, म्हणजे धडकेनंतर व्हाईट जागेवर थांबवायचा. कंटाळवाणं, पण कराच. व्हाईट आणि बॉल एक डायमंड अंतरावर, दहातले नऊ थांबले. दोन डायमंडवर सहा. चारवर एक. लांबच्या अंतराला मधोमध मारून चालत नाही, खाली मारावं लागतं, म्हणजे उलटा स्पिन कापडावर घासत घासत नेमका धडकेच्या क्षणी संपायला हवा. आधी संपला तर व्हाईट बॉलच्या मागे चालत जातो, उरला तर मागे येतो. हे "नेमकं" शिकायला शब्द कामाचे नाहीत, वहीतली पानं लागतात. डिसेंबरअखेर चार डायमंडवर दहातले पाच. एवढ्यावर मी इतका खुश झालो की ३१ तारखेला पार्टीला उशिरा पोचलो.

जानेवारीत स्पीड. बॉलच नाही, नुसता व्हाईट समोरच्या कुशनला लावून परत आपल्या कुशनजवळ आणायचा. फालतू वाटतं, पण पोझिशनचा निम्मा भाग हाच आहे, दिशा बरोबर आणि जोर चुकला तर काय उपयोग. इथे अजून एक गोष्ट लक्षात आली, जाड धडकेत व्हाईटचा बहुतेक जोर बॉल घेऊन जातो आणि बारीक कटमध्ये जोर व्हाईटकडेच राहतो. म्हणून माझे ते वाहवा मिळवणारे बारीक कट! त्यात व्हाईट टेबलभर हिंडणारच होता, तो थांबवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. ट्रेनी असले शॉट स्वतःवर येऊच द्यायचा नाही, हे समजायला मला सात महिने लागले.

फेब्रुवारी स्क्रू, म्हणजे उलट्या स्पिनने व्हाईट मागे आणायचा. हा महिना वाईट गेला. भिंतीवर पाटी, कापड फाटल्यास ५,००० रुपये, आणि मी जितका घाबरून मारायचो तितका मिसक्यू (टिप, म्हणजे क्यूचं टोक, बॉलवरून घसरणं). स्वतःचा क्यू घेतला ४,२०० चा, टिप बदलली १५० रुपयांत, तरी तेच. मग कळलं की केंद्रापासून साधारण अर्ध्या त्रिज्येच्या बाहेर टिप लावली की ती घसरतेच, म्हणजे पूल बॉलवर मधोमधपासून १४ मिमी, त्याच्यापुढे नाही. आपण शाळेत वाऱ्यांच्या दिशेसाठी ज्याचं नाव पाठ केलं त्या कोरिऑलिसने १८३५ साली बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलंय, त्यात अर्ध्या त्रिज्येवर मारलं की सगळ्यात जास्त साइड (डावा-उजवा स्पिन) मिळते हे आहे. वाऱ्यांच्या भानगडीत त्याचं नाव लोकांनी नंतर ओढलं. तर माझी चूक अशी की जास्त स्क्रूसाठी अजून खाली, अजून खाली जात होतो. खाली जायचं नव्हतं, क्यू आडवा ठेवून सरळ पुढे न्यायचा होता आणि प्रत्येक शॉटला चॉक लावायचा होता. चॉक फासायचा नाही, टिपच्या सगळ्या कडेला लागला का ते बघायचं.

मार्चमध्ये साइड वापरायचा मोह झाला आणि वहीतला फरक परत तीन वितींवर गेला. डावीकडे साइड लावली की व्हाईट आधी थोडा उजवीकडे सरकून निघतो, त्यामुळे पॉटच चुकायला लागले. काकांनी होळीच्या दुसऱ्या दिवशी सरळ सांगितलं, "साइड बंद. कुशनला लागून कोन रुंद पाहिजे का अरुंद पाहिजे, एवढ्यालाच साइड, ती पण एवढुशी." करंगळीचं नख दाखवलं. मी पाडव्यापर्यंत बंद ठेवली. खरं सांगू, आजही दहातले आठ शॉट मी मधल्या उभ्या रेषेवरच मारतो, वर किंवा खाली.

एप्रिलमध्ये जे कळलं ते माझ्या मते सगळ्यात मोलाचं, आणि कुठल्याच व्हिडिओत मी ते आधी धड ऐकलं नव्हतं. पुढचा बॉल सोपा पडावा अशी एक जागा नसते, एक पट्टा असतो, बॉलपाशी चिंचोळा आणि मागे मागे रुंद होत जाणारा, एखाद्या गल्लीसारखा. व्हाईट त्या गल्लीतून लांबीच्या दिशेने चालत आला तर कुठेही थांबला तरी काम होतं. गल्ली आडवी ओलांडत आला तर जोर अगदी अचूक हवा, जरा कमी-जास्त झाला की गल्लीच्या बाहेर. आपण साधारणपणे काय करतो, जवळचा रस्ता म्हणून आडवेच येतो. मी कधीकधी मुद्दाम एक कुशन जास्त घेऊन लांबून यायला लागलो आणि स्पीड न सुधारता निकाल सुधारला. एप्रिलअखेर जवळच्या शॉटला फरक सव्वा वीत.

खर्च विचाराल तर जूनच्या हरण्यापासून मेंबरशिप, क्यू, टेबल फी सगळं धरून तीस हजारांच्या आसपास. घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे.

मेमध्ये एका पार्लरच्या ओपन एट-बॉल (आपले बॉल संपवून शेवटी काळा घालायचा खेळ) स्पर्धेत नाव घातलं. एंट्री ६०० रुपये, आधारची झेरॉक्स, कॉलरचा टी-शर्ट, काळी पँट. २४ मे, शनिवार, रजा टाकून गेलो. रिपोर्टिंग सकाळी दहा, मॅच लागली पावणेचारला, डबा न्या. त्या आठवड्यात पुण्यात मे महिना असून धो धो पाऊस, हॉलची दारं उघडी, कापड दमट. प्रॅक्टिसच्या पाच मिनिटांत बाकीचे ब्रेक (फ्रेमचा पहिला शॉट) मारत होते, मी फक्त व्हाईट वर-खाली चालवून पाहिला. नेहमीच्या जोराला पावणेदोन विती कमी पडत होता. तेवढी भर घातली आणि पहिली मॅच ४–२ ने जिंकलो. हात थरथरत होते, समोरचाही माझ्याइतकाच घाबरलेला होता हे पण सांगितलं पाहिजे.

दुसरी मॅच एका सतरा वर्षांच्या पोराशी. ३–३. शेवटच्या फ्रेमला माझा फक्त काळा उरलेला, कोपऱ्याच्या पॉकेटला, जवळजवळ हाफ बॉल. मी व्ही धरला. दुसरं बोट सरळ मधल्या पॉकेटमध्ये. वर्षभरापूर्वीच्या सहा फ्रेम डोळ्यासमोर आल्या. म्हणून जरा खाली लावून स्टन मारायचं ठरवलं, म्हणजे व्हाईट काटकोनात निघून वरच्या कुशनवर, दुसऱ्या डायमंडपाशी. ओठातल्या ओठात बोललो पण. मारला. व्हाईट अगदी बोलल्या जागी जाऊन थांबला, वितीचा प्रश्नच नव्हता, चार बोटांचा फरक. काळा पॉकेटच्या दोन्ही जबड्यांवर खडखडला आणि तोंडाशी उभा राहिला. पोराने त्याचे उरलेले दोन आणि तो काळा शांतपणे घातला, हात मिळवला, "छान खेळलात काका" म्हणाला.

पुढच्या गुरुवारी जिमखान्यात गेलो. मार्कर काका कापडाला ब्रश मारत होते, ब्रश न थांबवता विचारलं, "पांढरा कुठं थांबला?"

"बोललो होतो तिथंच."

"आणि काळा?"

मी वही काढली, त्यात काळ्यासाठी रकानाच नव्हता. काकांनी खिळ्यावरचा बॉल मांडायचा ट्रँगल काढला, नुसता काळा स्पॉटवर ठेवला आणि दहा वेळा मार म्हणाले. पहिल्यांदाच मला अरे-तुरे केलं.